एकतिसावा सराव

केतकी पाध्येला कुणी विचारलं, "रविवारी जेवायला येणार का?" तर "बघते" असं ती कधी म्हणाली नाही. "साठ टक्के," म्हणायची. विचारणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं, पण दहा रविवार मोजले तर त्यातल्या सहा रविवारी ती खरोखर पानावर हजर असायची. पोकर खेळून पोट भरणाऱ्या माणसांची ही खोडच असते. 'नक्की' हा शब्द त्यांच्या जिभेला जड जातो.

पोकरवर जगणारी माणसं म्हटली की तुमच्याआमच्या डोळ्यांसमोर दारूचे ग्लास, धूर आणि गळ्यातल्या जाड साखळ्या येतात. २०४३ सालच्या, गोव्यातल्या ताळगावच्या त्या घरात यातलं काहीही नव्हतं. केतकी आणि तिचा नवरा कौस्तुभ, दोघंही याच धंद्यातले. रोज पहाटे मिरामारच्या वाळूवर पाच किलोमीटर धावणं, साखर बंद, आणि स्पर्धेच्या आठवड्यात भांडणसुद्धा बंद. कुस्तीगिराच्या घरातही एवढी शिस्त नसेल. मोठा डाव हरलात तर कपाळाला हात लावायचा नाही, जिंकलात तर नाचायचं नाही. हाताशी होती त्या माहितीवर निर्णय बरोबर घेतला का, एवढंच स्वतःला विचारायचं. बरोबर घेतला असेल आणि तरी हरलात, तर पत्ता वाईट पडला म्हणायचं आणि पुढचा डाव घ्यायचा.

हा हिशोब केतकीनं आपल्या वडिलांच्या मरणालाही लावला होता.

दोन वर्षांपूर्वी तिचे बाबा कुडाळच्या एका दवाखान्यात न्यूमोनियानं पडले होते आणि ती मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा खेळत होती. जहाजावर चढताना फोन, घड्याळ, चष्मा सगळं काढून घेतात, कुणी चोरून यंत्राची मदत घेऊ नये म्हणून. बाहेरच्या जगाशी दुवा एकच असतो. प्रत्येक खेळाडूनं एका माणसाचं नाव नोंदवायचं, आणि त्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं भेटायचं. केतकीनं अर्थातच कौस्तुभचं नाव दिलं होतं. त्या दिवशी साडेबाराला तो भेटला आणि बाबा स्थिर आहेत म्हणाला. संध्याकाळी पाचला बाबा गेले. पणजीहून कुडाळ गाडीनं दोन तासांवर आहे. खेळ संपवून ती पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. आईनं दार उघडलं, "आलीस?" म्हणाली आणि आत गेली. तेव्हापासून आई तिच्याशी कुरिअरवाल्याशी बोलावं तेवढंच बोलत होती.

पुष्कळ रडून झाल्यावर केतकीनं स्वतःची समजूत घातली. साडेबाराला जी माहिती होती तिच्यावर खेळत राहण्याचा निर्णय बरोबर होता. पत्ता वाईट पडला. या एका वाक्याच्या आधारानं तिला दोन वर्षं झोप लागत होती. ते वाक्य काढून घेतलं असतं तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आता सावलीबद्दल सांगायला हवं. एखाद्या माणसावर आपला विश्वास बसतो म्हणजे काय होतं? तो किती वेळ थांबून बोलला, गळ्याची शीर उडाली का, आवाज चढला का, नजर कुठे गेली, अशा शे-दोनशे खुणा मेंदू तोलतो आणि मग आपल्याला काहीतरी 'वाटतं'. कुठल्या खुणेला कुणाचा मेंदू किती वजन देतो, हे मात्र ज्याचं त्याचं वेगळं. एखाद्या माणसानं अकरा वर्षांत खेळलेले सात लाख डाव, त्या त्या वेळची त्याची नाडी, बुबुळांचा आकार आणि वर त्यानं स्वतः सांगितलेली कारणं यंत्राला दिली, तर ही वजनं काढता येतात. मग त्या यंत्रासमोर कुणीही बसावं, डाव मांडावा, काहीही बोलावं. तो माणूस यावर काय करील, काय खरं मानील, ते यंत्र सांगतं. पोळ्यांच्या डब्याएवढं यंत्र आणि वर एक कॅमेरा. खेळाडू त्याला सावली म्हणत. आपल्याच सावलीशी झुंजून आपले कच्चे दुवे शोधायचे, म्हणजे दुसऱ्याला सापडायच्या आत ते बुजवता येतात. केतकीची सावली शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा बरोबर निघायची.

त्या घरात सावलीला खाऊपिऊ घालायचा तो पंचनामा. खेळून आल्यावर दोघांनी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचं आणि दिवसभराचे डाव उलगडायचे. मी तुला का मानलं, का नाही मानलं, पोटात कधी गोळा आला, सगळं. पंचनाम्यात खोटं बोलायचं नाही, हा त्या घरातला एकमेव कायदा. सावली शेजारी बसून सगळं ऐकायची. म्हणजे आपला विश्वास कशावर बसतो, हे केतकी वर्षानुवर्षं रोज आपल्या तोंडानं सांगत होती. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या बाईनं हे केलं असतं असं मला वाटत नाही.

एकमेकांच्या सावलीला हात लावायचा नाही, हे लग्नाआधीच ठरलं होतं. कुलूपबिलूप काही नव्हतं. कौस्तुभनं हात लावला तर त्याच्या तोंडावरच दिसेल, याची केतकीला खात्री होती. तिला सगळ्यांचंच खोटं दिसायचं, त्यावरच तर घर चाललं होतं. आयुष्यात या एका गोष्टीला तिनं टक्के लावले नव्हते.

२०४३च्या मे महिन्यात जहाजावरच्या स्पर्धेत शेवटच्या टेबलावर सहा जण उरले आणि त्यांत दोघंही होते. प्रेक्षकांना केवढा आनंद! टेबलावर नवरा-बायको नसतात, हे त्या धंद्यात पोराटोरांनाही माहीत असतं. तिथे दयामाया केली तर तीच लबाडी ठरते. दुपारी तीनच्या सुमाराला टेबलावर बदामाचे चार पत्ते उघडे पडले होते, राजा, गुलाम, सत्ती आणि चौकी. केतकीच्या हातात बदामाची दश्शी होती, म्हणजे तिचे एकाच रंगाचे पाच पत्ते जमत होते. तिला हरवतील असे दोनच पत्ते उरत होते, एक्का आणि राणी. कौस्तुभनं आपल्यापुढचे सगळे चिप्स एकदम पुढे सारले.

केतकी त्याच्याकडे बघत बसली. तो थाप मारतो तेव्हा गोड होतो, हे तिला सात वर्षं माहीत होतं. हातात खरंच चांगले पत्ते असले की मात्र करवादतो.

"हा एसी कुणी लावलाय एवढा?" कौस्तुभ पत्ते वाटणाऱ्या मुलीवर वैतागला. "आम्ही माणसं आहोत की बर्फातले बांगडे?"

केतकीनं दश्शी टाकून दिली. स्पर्धा कौस्तुभ जिंकला. मागाहून पडद्यावर त्याचे पत्ते दाखवले तेव्हा सगळं जहाज ओरडलं, कारण त्याच्याकडे किलवरची नव्वी आणि चौकटची अठ्ठी होती. म्हणजे शुद्ध थाप! केतकी मनापासून हसली, सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि घरी येईपर्यंत तिला त्याचा अभिमानच वाटत होता.

"बांगडे कुठून आले रे?" दुसऱ्या दिवशी पंचनाम्यात तिनं विचारलं.

"सहज आलं गं तोंडातून," कौस्तुभ म्हणाला आणि मासळी आणायला बाजारात गेला.

तो गेल्यावर तिनं कालच्या डावाचं चित्रण सावलीपुढे लावलं. आपण फसलो त्यात आपला कच्चा दुवा किती आणि त्याची हुशारी किती, एवढंच बघायचं होतं. नवं काही समोर आलं की सावलीला आठ-नऊ सेकंद लागत. आज केतकीचं बोट बटणावरून उठतंय तोवर उत्तर आलं. पत्ते टाक, सत्त्याण्णव टक्के.

जो विचार न करता उत्तर देतो त्याला प्रश्न आधीपासून माहीत असतो, हे ओळखायला ती दहा वर्षांपूर्वीच शिकली होती. समोर माणूस असो की डबा.

तिनं सरावांची यादी उघडली. आजवर तिनं फक्त स्वतःच्या नावाचे सराव बघितले होते. दुसरे असतील हे मनातच आलं नव्हतं. 'पाहुणा' या नावाखाली दोनशे बारा सराव होते. वरच कालच्या थापेची तयारी होती, स्पर्धेच्या आधी केलेली. कौस्तुभ त्या कॅमेऱ्यासमोर बसून सगळे चिप्स पुढे सारत होता आणि वेगवेगळं करवादत होता. नुसत्या एसीनं सावलीचा एक्क्याण्णव टक्के विश्वास बसला होता. बांगड्यांनी सहा टक्के वाढवले होते. एवढ्यातही तिला हसू आलं, आणि मग ती खाली खाली जात राहिली आणि हसू गेलं. कारण खाली पत्ते नव्हते. खाली होतं 'जिममध्ये उशीर झाला', 'नाही, मी त्याला पैसे दिले नाहीत', 'तुझ्यावर कशाला रागावू?' तिच्या घरातली, तिच्या स्वयंपाकघरात बोलली गेलेली वाक्यं, आणि प्रत्येकापुढे टक्के.

मग दोन वर्षांपूर्वीची अठरा मे आली. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांपासून बारा वाजेपर्यंत एकतीस सराव झाले होते.

पहिल्या सरावात कौस्तुभ म्हणत होता, "बाबा एकदम बरे आहेत." सावलीनं अडतीस टक्के दिले होते. पाचव्यात त्यानं डॉक्टरांचं नाव घातलं. बाराव्यात तो फार हळू बोलला तेव्हा टक्के उलट घसरले. विसाव्याच्या पुढे त्याला सूर सापडला. थोडी वाईट बातमी मिसळली की केतकीचा विश्वास बसतो, हे त्याच्या लक्षात आलं. एकतिसावा सराव तिनं तीनदा बघितला. तिच्या नवऱ्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि थोड्या वैतागानं म्हणाला, "रात्री ताप होता, आता स्थिर आहेत. आईंचा आवाज दमलेला होता जरा. आणि तुझा चार्जर परत माझ्याच बॅगेत टाकलायस, केतकी." शहाण्णव टक्के. जहाजावर जेवणाच्या सुट्टीत तिनं जे ऐकलं होतं ते शब्द न् शब्द हेच होतं. चार्जरबद्दल तिनं सॉरीसुद्धा म्हटलं होतं.

कौस्तुभ सुरमईची पिशवी घेऊन आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती.

"पंचनामा करायचाय," ती म्हणाली.

"आत्ताच झाला ना कालचा?"

"अठरा मेचा."

कौस्तुभ एकदम गोड झाला. "कुठला गं अठरा मे, राणी?"

"एकतीस सरावांचा."

त्यानं पिशवी हळूच ओट्यावर ठेवली. मग समोरच्या खुर्चीत, रोजच्याच जागी येऊन बसला.

"आईंचा फोन दहाला आला," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलीला बोलावून घ्या म्हणून."

"आणि तू या डब्यासमोर बसलास."

"ऐक तरी. तुझ्याकडे बाकीच्यांच्या दुप्पट चिप्स होते. असा दिवस दहा वर्षांत एकदा येतो. माझं ते अख्खं वर्ष हरण्यात गेलं होतं. तुझ्या बक्षिसातली माझी अर्धेली आली नसती तर मी धंद्यातून उठलो असतो. आपण दोघंही उठलो असतो."

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

"गेलेच असते! माझा बाप होता तो!"

"आणि जाऊन काय केलं असतंस?" आता तोही चिडला. "सकाळपासून शुद्धीवर नव्हते ते. तुला ओळखलंही नसतं. मी सगळा विचार केला होता, केतकी. तूच म्हणतेस ना, निकाल बघू नये, निर्णय बघावा? माझ्याकडे जी माहिती होती तिच्यावर माझा निर्णय बरोबर होता."

केतकीला वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी माती कोंबली. हेच वाक्य. तिनं जिवाशी धरून ठेवलेलं वाक्य या माणसाच्या तोंडात किती सहज बसत होतं!

"तुझ्याकडे होती माहिती," ती म्हणाली. "माझ्याकडची तू काढून घेतलीस. दोन वर्षं मी म्हणतेय, माझा निर्णय बरोबर होता, माझा निर्णय बरोबर होता. तो माझा नव्हताच. तू पिसतानाच पत्ते लावून ठेवले होतेस आणि मी बसले होते नशिबाला बोल लावत."

"चुकलो मी," कौस्तुभ म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, खालचा ओठ थरथरला, आवाज मधेच फाटला. "खरंच चुकलो गं. मला माफ कर."

ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. सगळ्या खुणा जागच्या जागी होत्या. ज्या ज्या खुणेवर तिचा विश्वास बसतो ती प्रत्येक खूण त्या चेहऱ्यावर होती, आणि म्हणूनच तिला काही म्हणजे काही कळेना. हा माणूस कदाचित खरंच रडत होता. आता ते कळायची सोय राहिली नव्हती.

"हा कितवा?" तिनं विचारलं.

ती गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली.

कुडाळच्या वाटेवर पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर गाडी आपोआप चालत होती आणि केतकीला काही काम नव्हतं. आईला कसं सांगायचं, याचा ती विचार करू लागली. "आई, मला कुणी सांगितलंच नव्हतं." नको, यात तक्रारीचा सूर येतो. "आई, कौस्तुभनं तुला आणि मला दोघींना फसवलं." हे जास्त पटेल, दोघींना म्हटलं की आई आपल्या बाजूला येईल. आधी एक मिनिट गप्प बसावं, मग... इथे तिच्या लक्षात आलं की आपण सराव करतोय. तिला स्वतःची इतकी किळस आली की तिनं गाडी थांबवून दार उघडलं आणि रस्त्याकडेला उलटी केली. पुढचा रस्ताभर ती मोठमोठ्यानं आकडे म्हणत राहिली, म्हणजे वाक्यं तयार होऊ नयेत.

आई मागल्या पायरीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. तीस वर्षं शाळेत मास्तरीण होती, अजून पाठ ताठ ठेवून बसायची. केतकीला पाहून तिनं पाट पुढे सरकवला.

"कळवलं नाहीस येतेयस ते."

"आई, तुझा फोन आलेला मला माहीतच नव्हतं," केतकी उभ्या उभ्याच म्हणाली. "बाबांच्या दिवशी. सकाळचा. मला तो म्हणाला, स्थिर आहेत. ताप होता म्हणाला, आणि चार्जर... मला माहीत असतं तर आले असते गं, आई, लगेच आले असते, दोन तास तर लागतात." सगळं तोंडातून कसंही सांडत होतं आणि तिला हुंदके आवरेनात.

आईचा हात थांबला. "काय बोलतेयस? एकला त्याचा फोन आला होता. केतकीला सांगितलं, पण डाव अर्धा टाकून येता येत नाही म्हणते, असं म्हणाला तो."

"मी असं म्हणालेच नाही."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकलेली बाई, तिला डबा लागत नव्हता, टक्के लागत नव्हते. हळूहळू तिचा चेहरा कसा तरी व्हायला लागला.

"आई, बाबा शुद्धीवर नव्हते ना?" केतकीनं विचारलं. "सकाळपासून?"

"कुणी सांगितलं?"

"कौस्तुभ म्हणाला."

आईनं सुरी पाटावर ठेवली. "चारपर्यंत बोलत होते. धाप लागायची, पण बोलत होते. थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, केतू निघाली का? मी दोनदा सांगितलं, निघाली म्हणून."

"मग?"

"मग जावईबापूंचा फोन आला," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुझा इतका राग आला होता मला, केतकी. परत विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. म्हटलं, ती नाही म्हणाली. खेळतेय ती. वाट बघू नका तिची."

केतकी पायरीवर बसली.

"मग नाही विचारलं त्यांनी," आई म्हणाली.